दारापर्यंतची चौदा पावलं

माझ्या दोन्ही लाडक्यांनो,

तुमच्या शाळेचा कागद मिळाला. घरातलं कोणी सैन्यात होतं का, असल्यास त्यांची माहिती लिहून आणा, असं त्यात म्हटलं आहे. हुद्दा काय होता, किती वर्षं नोकरी केली, कोणती पदकं मिळाली, असे आठ प्रश्न. त्यांची उत्तरं मी इंग्रजीत टाईप करून तुमच्या बाबाला पाठवली आहेत. वर्गात वाचायला ती पुरेशी आहेत.

पण टाईप करताना माझ्या लक्षात आलं की आठही प्रश्न आजोबांच्या तेहेतिसाव्या वर्षी संपतात. त्यानंतर ते चव्वेचाळीस वर्षं जगले. त्या वर्षांबद्दल तुम्हाला कोणी विचारणार नाही आणि तुम्हाला सांगताही येणार नाही, कारण तुम्ही त्यांना नीट पाहिलं ते एकदाच, त्या डिसेंबरातले तीन आठवडे. धाकटी तेव्हा सहा वर्षांची होती. त्या दिवशी तुम्ही दाराबाहेर बॅगा घेऊन उभे होतात तेव्हा दाराच्या आत काय चाललं होतं, हे तुम्हाला माहीत नाही. आजोबांनी मला सांगू दिलं नव्हतं. "मुलांना कशाला ते," म्हणाले होते. त्यांना जाऊन आता दोन वर्षं झाली. ती मनाई संपली असं मी ठरवलं आहे.

हे मराठीत लिहिते आहे, कारण जे बोलणं झालं ते मराठीत झालं आणि आजोबांच्या तोंडी मला इंग्रजी घालायचं नाही. थोरल्याने धाकटीला वाचून दाखवावं. अडलं तर बाबाला विचारा.

आधी सैन्याचं थोडक्यात सांगते. आजोबा इंजिनिअर होऊन फौजेत गेले. लोकांना वाटतं फौजी म्हणजे बंदूक. आजोबा म्हणायचे, "मी गोळ्या झाडल्या त्या सगळ्या पुठ्ठ्याच्या माणसांवर." त्यांच्या तुकडीचं काम पूल बांधणं, रस्ते करणं आणि जमिनीत पुरलेले सुरुंग काढणं. लढाई संपली की बाकीचे परत जायचे आणि यांचं काम सुरू व्हायचं, कारण ती शेतं पुन्हा नांगरायची असत. जमिनीवर पालथं पडून, हातातली सळई तिरकी खुपसत, वीत वीत पुढे सरकायचं. जेवढी पट्टी साफ झाली तेवढीच्या दोन्ही कडांना पांढरी फीत लावायची. दोन फितींमधली जागा म्हणजे रस्ता. फितीबाहेर पाऊल टाकायचं नाही.

आणि रस्ता साफ झाला असं ज्याने सांगितलं, तो त्यावरून आधी चालायचा. हा आजोबांच्या तुकडीतला रिवाज होता. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, गॅलरीत मटार सोलताना.

"भीती नाही वाटली?" मी विचारलं.

"वाटली की. पण फीत मी लावलेली. मग दुसऱ्याला कसं पाठवणार पुढे?" असं म्हणून त्यांनी माझ्या ताटलीतला एक किडका दाणा उचलून बाजूला टाकला.

त्यांचे वडील अचानक गेले, आई एकटी पडली, म्हणून त्यांनी फौज सोडली आणि भांडुपच्या बाजूला एका कारखान्यात नोकरी धरली. मुलुंड पूर्वेला हे घर घेतलं, दुसरा मजला, लिफ्ट नाही. दाराच्या पाटीवर त्यांनी नावामागे 'कॅप्टन' लावलं नाही. वॉचमन मात्र कुठून तरी ऐकून कॅप्टनसाहेब म्हणायचा.

मी सकाळच्या शाळेत इंग्रजी शिकवायचे. साडेसहाला घर सोडावं लागे. म्हणून डब्याची भाजी आजोबांकडे होती. गवारीचे तुकडे सगळे एका मापाचे. एकदा मी गंमत म्हणून पट्टी लावून पाहिली तर खरंच एक एक इंचाचे होते. माझ्या सुती साड्यांना खळ तेच घालायचे. रविवारी दोघांनी दोन टोकं धरून साडी ताणायची, मग ते इस्त्री करायचे. शाळेतल्या बायका विचारायच्या, कुठल्या लाँड्रीत देतेस गं? मी सांगायचे, घरची आहे. त्यांना वाटायचं मी पत्ता लपवते.

तुमच्या बाबासाठी गॅलरीत झोपाळा टांगला तेव्हा आधी ते स्वतः बसले, मग मला शेजारी बसवलं, मग समोरच्या गुजराती भाभींना बोलावलं. तिघांच्या वजनाने कड्या हलल्या नाहीत तेव्हा पोराला बसायला मिळालं. तोवर तो रडून रडून झोपला होता.

आणि एक गोष्ट. आमच्या घरी दार आजोबाच उघडायचे. बेल वाजली की हातातलं काम ठेवून ते निघायचे. मी दाराशेजारी उभी असले तरी म्हणायचे, "थांब, मी बघतो." बाबा शाळेतून यायचा तेव्हा, पुढे कॉलेजातून, ऑफिसातून. लग्न होऊन तुमची आई आली तेव्हाही दार त्यांनीच उघडलं, मग मला ओवाळायला हाक मारली. मला आधी हे विचित्र वाटायचं. नंतर कळलं की आलेल्या माणसाचा चेहरा उंबऱ्यावर पहिल्यांदा कसा दिसतो, ते त्यांना बघायचं असे. फौजेत असताना ते वर्षातून एकदा घरी यायचे आणि त्यांची आई दार उघडायची. त्यांनी ते एवढं एक वाक्य सांगितलं होतं, जास्त नाही.

सत्तरी ओलांडल्यावर त्यांचं अक्षर बारीक होत गेलं. मी चष्म्याचा दोष समजले. मग चालताना उजवा हात हलेनासा झाला. डॉक्टरांनी तपासून पार्किन्सन्स सांगितलं. दिवसातून पाच वेळा गोळ्या, घड्याळ लावून. ते आम्हाला जमलं, दोघेही वेळेची माणसं.

जमलं नाही ते वेगळंच होतं. एके दिवशी न्हाणीघराच्या दारात ते थांबले आणि थांबूनच राहिले. पाय जमिनीला डकवल्यासारखे. वरचा भाग पुढे जायला बघतोय, पाय जागचे हलत नाहीत.

"अहो, चला ना."

"चलतोय."

"कुठे चलताय? उभे आहात."

"हुकूम सुटतोय गं. खाली पोचत नाही."

हे मग रोजचं झालं. दाराची चौकट आली की थांबायचे, वळायचं असलं की थांबायचे. मी हात धरून ओढायचे, 'चला चला' म्हणायचे, वर्गातल्या पोरांना म्हणते तसं. जेवढं ओढावं तेवढे ते घट्ट व्हायचे. आणि याच माणसाला संध्याकाळी खाली बागेत जायचं असलं की ते कठडा धरून जिना सरळ उतरायचे, सरळ चढून यायचे. दोन मजले. भाभी म्हणाल्या, "भाईसाहब जिन्यावर तो एकदम मस्त चालतात, घरात काय होतं?" एकदा माझाही तोल सुटला. मी म्हटलं, "मुद्दाम करता का तुम्ही?"

तासाभराने ते मला म्हणाले, "चहा टाकतेस का?" त्यावरून मी ओळखलं की त्यांनी मनात ठेवलं नाही. मी मात्र अजून ठेवलं आहे.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये बाबाचा फोन आला की डिसेंबरात तुम्ही सगळे येताय. आजोबांनी फोन ठेवला आणि त्यांच्या खुर्चीपासून दारापर्यंत नजर टाकली.

"दार मी उघडणार," ते म्हणाले.

"बरं."

"बरं नाही. ऐक. धाकटीने मला पाहिलेलं नाही. म्हणजे पाहिलंय, पण ती तेव्हा पाळण्यात होती. तिला पहिल्यांदा मी खुर्चीत बसलेला दिसायला नको. मी दारात उभा दिसलो पाहिजे."

बाबाला कळलं तेव्हा तो फोनवर चिडला. "बाबा, काहीतरी काय? पडलात तर माकडहाड नाहीतर खुबा. आम्ही काय परके आहोत? बसून राहा ना. आम्ही येऊ आत."

"तू ये आत. तुला बोलावलंय कोणी दारात," आजोबा म्हणाले आणि फोन माझ्याकडे दिला.

बाबा मला म्हणाला, "आई, तू सांग त्यांना." मी हो म्हटलं आणि सांगितलं नाही. भीती मलाही होती. पण त्यांनी स्वतःसाठी काही मागितल्याचं मला आठवत नव्हतं, आणि हे मागितलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला मेडिकलच्या दुकानातून पांढऱ्या चिकटपट्टीची गुंडाळी आणायला सांगितली. खुर्चीपासून दारापर्यंत दोन समांतर पट्ट्या त्यांनी माझ्याकडून जमिनीवर लावून घेतल्या. दोन फूट अंतर. ते खुर्चीत बसून काठीने दाखवत होते, मी जमिनीवर बसून चिकटवत होते. तुम्हाला आता कळलंच असेल की ते काय होतं. सुरुंगातला रस्ता होता. या दोन फितींमध्ये काही ठेवायचं नाही, चपला नाहीत, पेपर नाही, केर काढणाऱ्या बाईंची बादली नाही. बाईंनी एकदा बादली ठेवली तर त्यांना असं काही समजावलं की पुढचे आठ दिवस त्या भिंतीला चिकटून चालत होत्या.

पण आजोबा त्या रस्त्यावर पूर्वीपेक्षा वाईट चालायला लागले. पावलं आणखी बारीक झाली. फितीकडे बघत, चोरट्यासारखी. आम्हाला वाटलं सराव कमी पडतोय. म्हणून जास्त सराव केला. सप्टेंबर संपता संपता ते चपलांच्या कपाटापाशी अडकले, शरीर पुढे गेलं, पाय मागे राहिले आणि ते पडले. कपाळाला टाके पडले, चार. हाड वाचलं. बाबाला आम्ही टाके सांगितले नाहीत. व्हिडिओ कॉलवर आजोबा आठवडाभर माकडटोपी घालून बसले. मुंबईत, ऑक्टोबरात. बाबाला कसा संशय आला नाही मला माहीत नाही.

टाके काढायला गेलो तेव्हा डॉक्टरांनी व्यायाम शिकवायला एक मुलगी घरी पाठवली. फिजिओथेरपिस्ट. भांडुपला राहणारी, घरचे मूळ मालवणकडचे, आजोबा गिरणीत होते तिचे. तोंडाची फटकळ. घरात आली, जमिनीकडे पाहिलं आणि म्हणाली, "काका, हा काय रनवे केलाय? विमान उतरवताय?"

आजोबांनी तिला फीत म्हणजे काय ते समजावून सांगितलं. ती कमरेवर हात ठेवून ऐकत होती.

"म्हणजे या रेषेच्या बाहेर पाय गेला तर काय होणार?"

"स्फोट."

"आणि असं तुम्हाला किती वर्षं शिकवलं?"

"दहा."

"मग पाय कसा टाकणार हो तुम्ही? पायाला तुम्हीच सांगून ठेवलंय की मरशील."

दोन महिने आम्ही दोघं शिकली-सवरलेली माणसं त्या पट्ट्या ओल्या फडक्याने पुसून स्वच्छ ठेवत होतो.

मग ती म्हणाली, "काकी सांगतात तुम्ही जिना चढता."

"चढतो."

"जिन्यावर काय असतं जे इथे नाही?"

तिला उत्तर माहीत होतं. पण तिने ते त्यांना काढू दिलं, याबद्दल मी तिची ऋणी आहे. आजोबांनी डोळे मिटले. कारखान्यात एखादं यंत्र बंद पडलं की म्हणे ते असेच डोळे मिटून उभे राहायचे.

"पायरीची कड," ते म्हणाले. "आडवी."

"मग?"

"मग आडव्या लावायच्या. उभ्या नाही. प्रत्येक पावलाला एक ओलांडायला द्यायची." त्यांनी डोळे उघडले. "पुलाच्या फळ्यांसारख्या. अगं, ही पांढरी काढ सगळी. विजेच्या कामाची लाल टेप आण. या लादीवर पांढरं दिसत पण नाही."

तिने तेवढ्यात एक प्रयोग करून दाखवला. त्यांना उभं केलं, ते अडकले, तेव्हा तिने आपला पाय त्यांच्या पावलापुढे आडवा धरला आणि म्हणाली, "माझ्या पायावरून या." आणि ते आले. इतक्या सहज आले की मला रडू फुटलं. आजोबा म्हणाले, "तू कशाला रडतेस? पाय तिचा तुडवला असता."

लाल पट्ट्या लावायला तीन दिवस लागले, कारण अंतरावरून वाद झाला. पहिल्या दिवशी आजोबांनी तीस इंचांवर एक अशा आठ पट्ट्या लावून घेतल्या. तीस इंच हे परेडचं पाऊल. मुलीने येऊन पाहिलं. "काका, छब्बीस जानेवारी आहे का? तीस इंच माझं पण पडत नाही." त्यांनी ऐकलं नाही. मग तिने त्यांचे तळवे ओले करून त्यांना भिंत धरून चालवलं आणि लादीवर उमटलेल्या पावलांमधलं अंतर त्यांच्याच टेपने मोजलं. अकरा इंच. आजोबा त्या आकड्याकडे बघत राहिले.

"सोळा," शेवटी ते म्हणाले. "अकरा नाही. सोळापर्यंत मी नेतो."

"सोळा ठीक," ती म्हणाली.

सोळा इंचांनी चौदा पट्ट्या बसल्या. मी पुन्हा जमिनीवर बसले, ते काठीने दाखवायला लागले. "डावीकडे एक सूत." सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. सत्तराव्या वर्षी मी जमिनीवर बसून एक सूत सरकत होते. शेवटची, दाराजवळची पट्टी मी लावली आणि ती त्यांनी स्वतःच्या पावलाने दाबली. मुलगी म्हणाली, "आधी मी चालून दाखवते." "नाही," ते म्हणाले. "आधी मी."

पहिल्या दिवशी पाच पट्ट्या झाल्या. दिवाळीपर्यंत चौदा. भाभी फराळाचं ताट घेऊन आल्या, जमिनीकडे बघून म्हणाल्या, "आ शुं? भाईसाहब ठिक्कर खेळतात?" आजोबा म्हणाले, "या ना, एक डाव होऊन जाऊ द्या." नोव्हेंबरात ते बेल वाजल्यावर उठून दूधवाल्याला, पेपरवाल्याला दार उघडायला लागले. दूधवाल्याला दोन मिनिटं थांबायची सवय झाली.

आता तो दिवस.

तुमचं विमान सकाळी लवकर उतरलं. आजोबांची गोळी सातची. ती अंगात भिनायला चाळीस मिनिटं लागायची, तोवर हालचाल जड असे. त्यांनी हिशेब केला होता: सामान मिळेपर्यंत, टॅक्सी, रस्ता, आठच्या आत काही तुम्ही येत नाही. इस्त्रीचा शर्ट घालून ते पावणेसातपासून खुर्चीत बसले होते. रविवार होता. रस्ते मोकळे. सात वाजून दहा मिनिटांनी जिन्यात बॅगांचा आवाज आला आणि मी ओळखलं की गोळी काही पोचलेली नाही.

बेल वाजली.

आजोबा दुसऱ्या प्रयत्नात उठले. पहिली पट्टी, दुसरी, तिसरी. बाहेरून बाबाचा आवाज, "आई!" पाचवी, सहावी. छान चालले होते. नववी ओलांडली आणि थांबले. कपाटापाशी, जिथे पडले होते तिथेच. मला वाटलं त्यांना ते पडणं आठवलं. मग मी त्यांच्या पायांकडे पाहिलं.

पुढे पट्ट्याच नव्हत्या. दहापासून तेरापर्यंत चारही पट्ट्यांवर मी स्वतः गालिचा अंथरला होता. आदल्या संध्याकाळी. तुमची आई पाच-सहा वर्षांनी येणार, म्हणून आमच्या लग्नातला तो काश्मिरी गालिचा मी माळ्यावरून काढून, झटकून, दुपारभर उन्हात घालून, दारापाशी नीट चौकोनात अंथरला होता. कोपरे हाताने सरळ केले होते. दोन महिने ज्या रस्त्यावर मी केर काढणाऱ्या बाईंना बादली ठेवू दिली नाही, त्यावर मी पाहुण्यांसाठी गालिचा घातला. आणि तीन वेळा त्यावरून ये-जा करून मला काही वाटलं नव्हतं.

बेल पुन्हा वाजली. थोरला ओरडला, "आजोबा! आम्ही आलो!"

गालिचा ओढावा तर त्यांची बोटं त्याच्या काठावर. ओढला असता तर ते पडले असते. दाराची कडी माझ्यापासून दोन पावलांवर होती. मी उघडू शकत होते. तुम्ही आत आला असतात, बाबाने त्यांना धरलं असतं, खुर्चीत बसवलं असतं, आणि सगळे म्हणाले असते, काय हो बाबा, सांगितलं होतं ना.

आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. त्यांनी फक्त कडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मान अगदी थोडी हलवली. नको.

मी दाराला म्हटलं, "थांबा रे, आजोबा येतायत."

मग मी त्यांच्या पुढ्यात गेले आणि माझा पाय त्यांच्या पावलापुढे आडवा धरला. "माझ्या पायावरून या," मी म्हटलं.

"तुझा गुडघा..."

"राहू दे गुडघा. या."

ते आले. मी मागे सरकले, दुसरा पाय आडवा धरला. त्यांनी तो ओलांडला. मी भिंतीला हात लावून उलटी चालत होते, ते माझ्याकडे बघत सरळ. चार पावलं. बाहेर तुम्ही काहीतरी भांडत होतात, बहुतेक बेल कोणी वाजवायची यावरून. चौदावी पट्टी गालिच्याबाहेर होती. ती त्यांनी स्वतः पाहिली, स्वतः ओलांडली. मी बाजूला झाले. त्यांनी कडी काढली आणि दार उघडलं.

तुमचे चेहरे मला दिसले नाहीत. मी दारामागे भिंतीला टेकून उभी होते. मला आजोबांचा चेहरा दिसला, बाजूने. तो मी तुम्हाला वर्णन करून सांगू शकत नाही, मी फार प्रयत्न केला आहे. थोरला म्हणाला, "आजोबा, किती वेळ लावलास." आजोबा म्हणाले, "रस्ता तयार होत होता रे." धाकटीने खाली वाकून नमस्कार केला, आईने शिकवल्याप्रमाणे, आणि मान वर करून बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, "तू फोनमध्ये एवढा उंच नसतोस." आजोबा पावणेसहा फूट होते. फोनमध्ये ते नेहमी बसलेले असायचे.

दुपारी जेवताना ते मला हळूच म्हणाले, "गालिचा सुंदर आहे. गुंडाळून ठेव." एवढंच. त्या विषयावर त्यांनी पुन्हा एक शब्द काढला नाही. चार वाजता मी पाहिलं तर धाकटी लाल पट्ट्यांवरून एका पायावर उड्या मारत होती आणि ते खुर्चीतून तिच्या उड्या मोजत होते.

तुम्ही गेल्यावर दीड वर्ष ते त्या पट्ट्यांवरून चालले. मग बिछाना आला, मग ते गेले, या घरात, त्यांच्या पलंगावर, माझा हात हातात असताना. माझी काही तक्रार नाही. बेचाळीस वर्षं मला इस्त्रीची साडी मिळाली, एका मापाची गवार मिळाली, आणि त्या एका सकाळी त्यांना माझी गरज पडली तेव्हा मी दोन पावलांवर होते. कडी काढली नाही, हेही माझ्या हातून नीट झालं. एवढं सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. फिजिओथेरपीची ती मुलगी अजून महिन्यातून एकदा येते, माझ्या गुडघ्यासाठी. येते आणि म्हणते, "आता काय करतलात, काकी? ह्या काढायच्या की ठेवायच्या?"

पदकं तुमच्या बाबाकडे आहेत. गणवेश आम्ही वेळीच देऊन टाकला. त्यांची हत्यारांची पेटी भाभींच्या मुलाने नेली, तो वापरतो. घरातल्या लाल पट्ट्या रोजच्या पुसण्याने निघत चालल्या आहेत. मी त्या पुन्हा लावलेल्या नाहीत आणि काढलेल्याही नाहीत. चौदापैकी नऊ अजून जागेवर आहेत.